पिल्लं उडाल्यावरचा सत्कार

डॉ. वामन तुळसकर यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी तोंड उघडून त्यांच्या खुर्चीत पडले होते. गालात कापसाचे बोळे, अर्धा जबडा बधिर, आणि एक शब्द बोलायची सोय नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही, पण आमच्या स्नेहाची सुरुवात माझ्या गप्प बसण्यातून झाली.

डॉक्टर हत्यार उचलणार एवढ्यात दार ढकलून शेजारच्या इमारतीतली एक तरुण मुलगी आत आली. हातात बुटांचा खोका आणि खोक्यात बुलबुलाचं पिल्लू. मुलुंड पूर्वेला दातांचे एक डॉक्टर पक्षीही बघतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर, घरट्यातून पडलंय हे. आमच्या गॅलरीखाली होतं. मी दूध पाजून बघितलं, पण घेतच नाहीये."

डॉक्टरांनी मला तसंच सोडलं, हातमोजे उतरवले आणि खोक्यात डोकावून पाहिलं.

"अंगावर पिसं आलीत. शेपटी तेवढी आखूड आहे. हे पडलेलं नाही, उडायला शिकतंय. याचे आईबाप आत्ता तुमच्या गॅलरीपाशी ओरडत असतील. जिथून उचललंत तिथल्याच झुडपात ठेवून या. आणि दूध नको. पक्ष्यांना दूध पचत नाही."

"पण मांजर खाईल ना त्याला."

"मांजर कोणाचं आहे?"

मुलगी जरा घुटमळली. "आमचंच."

"मग कोंडायचं कोणाला, तुम्हीच सांगा."

ती गेली. माझा पारा चढला होता. जिभेला वळण आल्याबरोबर मी म्हणाले, "डॉक्टर, एवढ्याशा जिवाला तुम्ही हाकलून दिलंत." ते शांतपणे हात धूत म्हणाले, "हाकललं नाही हो, घरी पाठवलं. चला, बघून येऊ." बधिर गाल धरून मी त्यांच्या मागोमाग गेले. आम्ही दोघे उभ्या स्कूटरींच्या आड थांबलो. जास्वंदीच्या झुडपात पिल्लू बसलं होतं आणि थोड्या वेळाने आई चोचीत अळी घेऊन आली. पिल्लाने आ केला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यापेक्षा चांगलं तोंड उघडतंय."

त्या दिवसापासून मी त्यांच्या कामात आहे. आयुष्यभर विमा कचेरीत नोकरी केलेल्या बाईला पक्ष्यांतलं काय कळणार, असा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नाही. त्यांनी एकच अट घातली: आधी बघायचं, मग हात लावायचा.

ही अट ऐकायला सोपी आहे, पाळणारं माणूस मात्र विरळा. घरट्यांच्या दिवसांत मालाड, मरोळ, पवईपासून डॉक्टरांना फोन येतात. दहातल्या नऊ ठिकाणी पिल्लाला बिलकूल मदत नको असते. मदत करणाऱ्यापासून वाचवायचं असतं. पिल्लू दिसलं की उचलायचं, त्याच्यासोबत फोटो काढायचा, तो सगळीकडे पाठवायचा, चोचीत पाणी ओतायचं, दुधात भिजवलेला पाव कोंबायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते मेलं की "नशीब त्याचं" म्हणून मोकळं व्हायचं. चोचीत ओतलेलं पाणी छातीत जातं हे जाणून घ्यायची कोणाला गरज वाटत नाही. ही दया कोणासाठी असते? मला या लोकांचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. डॉक्टर मात्र प्रत्येक फोनवर तेच प्रश्न त्याच आवाजात विचारतात: पिसं आहेत का, रक्त दिसतंय का, आईबाप जवळ आहेत का. एकदा मी म्हणाले, "कंटाळा नाही येत तुम्हाला?" ते म्हणाले, "रोज दात घासा असं मी चाळीस-पन्नास वर्षं सांगतोय, सुलभाताई. मला सवय आहे."

खरोखरच घरटं पडलं असेल, पिल्लं उघडी असतील, तर डॉक्टरांजवळ उपाय आहे तो परडीचा. देवळाबाहेरच्या फुलवाल्या त्यांना जुन्या, विटलेल्या बांबूच्या परड्या देतात. परडीत पडलेल्या घरट्याचं सामान घालायचं, पिल्लं ठेवायची, जुन्या जागेच्या जितकं जवळ जमेल तितकं ती फांदीला घट्ट बांधायची आणि लांब जाऊन बसायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही आपल्याकडे शिकल्यासवरल्या घरांतूनही सांगितली जाणारी थाप आहे. आई पिल्लाला टाकत नाही. आपण खाली घोळका करून उभे राहतो म्हणून ती यायला धजत नाही, एवढंच.

कावळ्यांच्या बाबतीत तर आपल्या वागण्याला काय म्हणावं ते मला कळत नाही. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष श्री. विनायक म्हसकर यांच्या डोक्यावर एका उन्हाळ्यात कावळ्याने टोच मारली. फाटकाजवळच्या बदामावर त्याची पिल्लं होती. म्हसकरांनी वॉचमनला बांबू आणायला सांगितलं. डॉक्टर योगायोगाने फाटकातच होते. ते म्हणाले, "म्हसकर, तुमच्या वडिलांच्या दहाव्याला मी होतो. पिंडाला कावळा शिवेना म्हणून तुम्ही उन्हात हात जोडून काय काय कबूल केलं होतं, आठवतं ना? आता तो थोडेच दिवस मागतोय." एवढं बोलून त्यांनी स्वतःची छत्री उघडून म्हसकरांच्या हातात दिली. पुढे पिल्लं उडेपर्यंत आमचे अध्यक्ष भर उन्हाळ्यात फाटकातून काळी छत्री उघडून ये-जा करत होते. मुलं हसायची. पण घरटं राहिलं.

डॉक्टरांचा माणसांवरचा जीवही मी जवळून पाहिला आहे. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी खाटेवरून उठायला तयार नव्हते. घरच्यांनी समजावलं, रागावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. डॉक्टर भेटायला आले आणि म्हणाले, "तुमच्या खिडकीतल्या वायरीला शिंजीर पक्ष्याने घरटं लोंबकळत बांधलंय. मला रोज यायला जमत नाही. संध्याकाळी फोन करून मादी दिवसभर काय करते ते सांगाल का?" मी रोज सांगत गेले. कुठून ती कोळ्याची जाळी आणते, कधी बाहेर जाते, कधी परत येते. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या घरट्याची त्यांना सगळी माहिती होती. त्यांना मला खाटेपासून खिडकीपर्यंत चालवायचं होतं.

आता डॉक्टरांच्या या गौरवग्रंथाविषयी. तो आपल्या हाती इतक्या उशिरा का पडतो आहे, हे सांगणं भाग आहे. डॉक्टरांचा पंचाहत्तरावा वाढदिवस श्रावणात होता. मुखपृष्ठावर तीच तारीख छापून झाली होती. आता त्यावर आपल्याला कागदाची चिकटपट्टी दिसत असेल. ती का लावावी लागली ते असं.

आमच्या आवारात एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. सगळे त्याला रेन ट्री म्हणतात. खाडी जवळ असल्यामुळे पावसाळ्यात त्याच्यावर बगळे आणि रातबगळे घरटी करतात. गाड्यांवर शिट पडते, मासळीचा वास सुटतो, आणि दरवर्षी सभेत त्या झाडाच्या नावाने बोटं मोडली जातात. सत्कार समितीला मात्र वाटलं की पक्षीमित्राचा सत्कार त्याच झाडाखाली व्हावा. कल्पना सुंदर होती. फक्त वर कोण राहतं, हे समितीतल्या कोणी मान वर करून पाहिलं नाही.

कार्यक्रम आठवड्यावर आला असताना मी घरी याच ग्रंथाची मुद्रितं तपासत बसले होते. हातात म्हसकरांचा लेख होता. "डॉ. तुळसकर म्हणजे मुक्या पाखरांचा आधारवड" हे वाक्य मी वाचत होते आणि खालून यंत्रकरवतीचा आवाज आला. गुडघ्याची पर्वा न करता मी खाली धावले.

"म्हसकर, हे काय चाललंय?"

"काही नाही ताई, मंडपाचं छत अडतंय. दोनच फांद्या. आणि पाहुण्यांच्या डोक्यावर शिट पडली तर कसं दिसेल? डॉक्टरांचा कार्यक्रम नीटनेटका व्हायला नको?"

"परवानगी घेतलीत?"

"ती घेऊ ना नंतर. चांगल्या कामाला कोण नाही म्हणतंय?"

"वर घरटी आहेत, म्हसकर."

"वरच्या फांद्यांना हात नाही लावला. खालच्याच घेतोय."

एक फांदी तोवर खाली आली होती. काटक्यांची घरटी फरशीवर फुटून पसरली होती, अंड्यांच्या निळसर कवच्या इकडेतिकडे पडल्या होत्या, आणि त्यांत पिल्लं. काही हलत होती, काही नव्हती. वर बगळे गोल गोल फिरत ओरडत होते. ज्या माणसाने आयुष्यभर घरटी राखली त्याच्या सत्काराचा मंडप घरटी पाडून उभारायचा, आणि हे करताना कोणालाही काही विचित्र वाटू नये. त्या दिवशी मी म्हसकरांना जे बोलले ते गौरवग्रंथात छापण्याजोगं नाही. त्यातला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही.

कोणीतरी दवाखान्यात कळवलं. डॉक्टर अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट आले. रागावले की ते मालवणीत बोलतात. "ह्या कोणी सांगल्यान?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांनी झाडावरच्या माणसाला हाक मारून करवत बंद करायला लावली, आणि लगेच पिल्लांकडे वळले.

बगळ्याचं पिल्लू धरणाऱ्याच्या डोळ्यावर चोच मारतं. डॉक्टरांनी दात कोरताना घालायचा चष्मा चढवला आणि दुसरा म्हसकरांपुढे केला. "घाला. आणि हे धरा. मान सांभाळून." म्हसकरांनी पिल्लू धरलं. पिल्लाने त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर अर्धी पचलेली मासळी ओकली. ते हलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद करते.

जखमी पिल्लांसाठी डॉक्टरांनी वनखात्याला फोन केला. जंगली पक्षी घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे आणि तो नियम ते स्वतःलाही लावतात. धडधाकट पिल्लं दोन परड्यांत बसली. झाडावरच्या माणसाने त्या उरलेल्या फांदीच्या बेचक्यात बांधल्या. मेलेली पिल्लं डॉक्टरांनी स्वतः उचलली. म्हसकर मदतीला वाकले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना अडवलं नाही.

मग आवार रिकामं करवून आम्ही जिन्याखाली बसलो. डॉक्टर, म्हसकर आणि मी. बऱ्याच वेळाने एक बगळा शेजारच्या फांदीवर उतरला, मान लांब करून परडीकडे बघत राहिला, उडाला, पुन्हा आला. शेवटी परडीच्या कडेवर उभा राहिला आणि आतली पिल्लं त्याच्या चोचीला झोंबली. दुसऱ्या परडीकडे दिवसभर कोणी फिरकलं नाही. ती पिल्लं संध्याकाळी वनखात्याच्या माणसांबरोबर गेली. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही.

जिन्याखालून उठताना म्हसकर म्हणाले, "डॉक्टर, मंडप तिकडे पार्किंगमध्ये घेऊ आपण. तारीख तीच ठेवू."

"लाऊडस्पीकर लावणार?"

"भाषणं आहेत म्हटल्यावर..."

"सत्कार माझा आहे ना, म्हसकर? मग तारीख मी देणार. पिल्लं उडाल्यावर."

"अहो, निमंत्रणं गेली. पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगा, काही पाहुण्यांना अजून पंख फुटायचेत."

म्हसकरांचा लेख या ग्रंथातून काढून टाकावा असा मी हट्ट धरला होता. डॉक्टर म्हणाले, "राहू दे तो. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना वाचून दाखवू." म्हणून तो पुढच्या पानांत आहे. हा माझा लेखही म्हसकरांनी वाचला आहे आणि छापायला हरकत घेतलेली नाही. घेतली असती तरी छापला असता. पक्ष्यांची घरटी असेपर्यंत झाडाला करवत लावायची नाही, असा ठराव त्यांनीच सभेत मांडला आणि तो मंजूर झाला. ठरावांवर माझा फारसा विश्वास नाही. माझी खिडकी त्या झाडासमोर आहे, तिच्यावर आहे.

परडीतली पिल्लं आधी फांदीवर आली, मग पंख फडफडवत शेजारच्या फांदीवर, आणि एके दिवशी खाडीकडे गेली. दिवाळी उरकली तेव्हा झाड रिकामं होतं. डॉक्टर सकाळी त्याच्याखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग माझ्या खिडकीकडे बघून म्हणाले, "सुलभाताई, द्या म्हसकरांना तारीख."

डॉक्टरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे डोळे आणि गुडघे शाबूत राहोत, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. त्यांची ऐंशी, नव्वदी आणि शंभरीही आपण याच झाडाखाली साजरी करू. प्रत्येक वेळी अशीच उशिरा, झाड रिकामं झाल्यावर.