निसू सौनात व्यायली तो शनिवार

माझ्या नणंदेला, इम्पीला, माणूस न विचारता कळायचा. एकतीस वर्षं ती आमच्या गावच्या शाळेत पोरांचं जेवण रांधायची आणि वाढायची. ताट घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोराकडे एकदा बघितलं की तिला समजायचं, याला ताप चढतोय, हा घरून उपाशी आलाय, हिला आज कुणीतरी रडवलंय. उपाशी पोराच्या ताटात ती एक डाव जास्त घालायची आणि वर दटावायची, "बघतोस काय, सरक पुढे!" लग्न केलं नाही. का नाही केलंस म्हणून मी एकदा विचारलं, तर माझ्या नवऱ्याकडे बघत म्हणाली, "दोनशे पोरांना जेवायला घालून घरी यायचं आणि मग अशा एकाला घालायचं? नको गं बाई." मला तर ते तेव्हाच पटलं.

माझा नवरा आर्मस तिचा धाकटा भाऊ. आमची घरं शेजारी-शेजारी आणि मधोमध दोन्ही घरांची मिळून एक सौना, सासऱ्यांनी स्वतः लाकडं तासून बांधलेली. अमेरिकेतल्या लेक सुपीरियरच्या काठावरचे आम्ही सगळे फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांची नातवंडं. शनिवारी दुपारी शेगडी पेटवायची, वरचे दगड तापले की त्यांवर पाणी मारायचं, वाफेत घामाघूम होऊन आठवड्याचा मळ काढायचा आणि मग जेवायला बसायचं, हे आमच्यात ठरलेलं. त्याआधी कुणी घास खात नाही, भरल्या पोटी वाफ सोसत नाही. सैन्यातून परत आल्यापासून आर्मसचा एकही शनिवार चुकला नव्हता. माझ्या बहिणीच्या लग्नातून हा पठ्ठ्या अर्ध्यावर उठून घरी आला होता, ते मी अजून विसरलेले नाही.

निसू ही इम्पीची मांजर. वेलदोडे घातलेल्या गोड पावाला आम्ही निसू म्हणतो, त्याच भाजक्या रंगाची. मागच्या एप्रिलात ती लाकडाच्या शेडमध्ये एकटीच व्यायली. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी इम्पीला चार पिल्लं सापडली, चारही गार. जनावरांच्या डॉक्टरणीने सांगितलं, तुमचा काही दोष नाही. पण इम्पीचं एकच, "मला कळायला हवं होतं." कॉफी पिताना तेच, दारातला बर्फ ओढताना तेच. दोनशे पोरांचं कळत होतं, घरातल्या एका मांजरीचं कळलं नाही, हे तिच्या जिवाला लागलं होतं. वर्षभर ती पूर्वीसारखी हसली नाही, आणि मी ताडकन बोलणारी बाई, पण तिला काय बोलू ते मला सुचायचं नाही.

या वर्षी निसू पुन्हा गाभण राहिली. डॉक्टरणीने सगळी लक्षणं सांगितली, इम्पीने ती मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावली. आचळांत दूध उतरेल. कोपरे उकरत जागा शोधत हिंडेल. खाणं सोडेल. अंगाचं तापमान एकाएकी उतरेल. सारखी मागे चाटेल, घुरघुरेल, धापा टाकेल. ते बघायला इम्पीने थर्मामीटरही आणला, पण तो कुठे घालायचा असतो हे निसूला कळल्याबरोबर इम्पीच्या मनगटावर तीन ओरखडे उठले आणि थर्मामीटर कपाटात गेला. चुलीमागे खोकं ठेवलं, त्यात माझे चांगले टॉवेल अंथरले. मला विचारलं का? छे!

मार्चमधला तो शनिवार. बाहेर कमरेएवढा बर्फ. दुपारी मी इम्पीकडे कॉफीला बसले होते. निसूची बशी भरलेली तशीच.

"इम्पी, हिने तोंड लावलं नाही गं."

"शनिवार आहे," इम्पी म्हणाली. "सौनाआधी कोण खातं?"

आम्ही दोघी हसलो. इतकं हसलो की तेवढ्यात निसू दार ओरबाडत बाहेर पडली ते आम्ही बघितलं, पण मनावर घेतलं नाही. खिडकीतून दिसत होतं, ती सौनाच्या दाराशी जाऊन ओरडत होती. आमच्याकडे शनिवारी दुपारी सौनाच्या दाराशी घुटमळणाऱ्याला कुणी का म्हणून विचारत नाही. आर्मसने दार उघडून तिला आत घेतलं आणि तिथूनच ओरडला, "बाईसाहेबांनी पहिला नंबर लावलाय!"

म्हणजे बघा. खाणं सोडलेलं, जागा शोधलेली, दोन्ही लक्षणं डोळ्यांसमोर, फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहिलेली. आणि आम्ही तिघं शहाणे तिला शनिवार पाळायला लावत होतो.

अर्ध्या तासाने आर्मस टॉवेल मागायला आला. "ताई, तुझी मांजर आत बसायच्या खालच्या फळीखाली जाऊन बसलीय. हलत नाही. राहू दे, चांगलं तापलं की येईल झक मारत बाहेर."

"काय करतेय ती?"

"काय करणार? मागे चाटतेय, घुरघुरतेय आणि तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकतेय. तिलाही गरम होत असेल."

इम्पीने कप खाली ठेवला. "शेगडी कधी पेटवलीस?"

"झाला अर्धा तास. कडक तापवतोय आज."

त्र्याहत्तर वर्षांची बाई घरातल्या सपातांवर बर्फातून पळाली. मी कोट शोधेपर्यंत ती सौनात पोचलीसुद्धा. मी आत गेले तेव्हा ती गुडघ्यांवर बसून फळीखाली बघत होती. निसूच्या पोटात कळ उठलेली हातभरावरून दिसत होती. शेपटीखाली ओलं झालं होतं. आता तिला उचलायची सोय नव्हती, आणि भिंतीवरचा तापमानाचा काटा सरसर चढत होता.

"आर्मस, लाकडं बाहेर काढ."

"ताई, पन्नास वर्षांत एक शनिवार..."

"लाकडं काढ, नाहीतर तुला काढते!"

आर्मसने चिमट्याने एकेक जळतं लाकूड ओढून बर्फात फेकलं. प्रत्येक लाकूड चर्रकन विझायचं आणि प्रत्येकाला आर्मस एक शिवी द्यायचा. मी दार सताड उघडून धरलं. हळूहळू काटा उतरला. दगडांत ऊब राहिली, बाळंतिणीला हवी तेवढीच. माझ्या सासूबाईंनी इम्पीला आणि आर्मसला याच खोलीत जन्म दिला होता. तेव्हा इकडे ही एकच जागा स्वच्छ आणि गरम असायची. निसूला हे कुणी सांगितलं कोण जाणे, पण माझ्या टॉवेलांपेक्षा तिला हीच जागा पसंत पडली.

पहिलं पिल्लू आलं, मग वीस मिनिटांनी दुसरं. निसू दात लावून पिशवी फाडायची, चाटून खडखडीत कोरडं करायची, पिल्लू चिरकायचं आणि इम्पी "शाब्बास, शाब्बास माझी राणी" म्हणायची. तेवढ्यात दर शनिवारी येणारा शेजारचा म्हातारा कालेर्वो बादली-टॉवेल घेऊन आला. धुराड्यातून धूर नाही आणि बर्फात काळी लाकडं पडलेली बघून तो दारातच थबकला.

"कोण गेलं?" त्याने टोपी काढत विचारलं.

"कुणी गेलं नाही," आर्मस म्हणाला. "येतायत. दोन आलेत."

कालेर्वो टोपी हातात धरून तिथेच उभा राहिला. जा म्हटलं तरी हलला नाही.

तिसरं आलं. चौथं आलं ते मात्र नुसतं पडून राहिलं. निसू थकली होती, तिने त्याच्याकडे बघितलं नाही. इम्पीने पिशवी फाडली, नाकतोंड पुसलं आणि सौनातल्या खरखरीत टॉवेलात ते घेऊन चोळायला लागली. चोळतेय, चोळतेय. पिल्लाची मान लुळी. इम्पीचा चेहरा मागच्या एप्रिलातल्यासारखा झाला.

"अगं जोरात चोळ!" मी ओरडले. "काय लोणी काढतेस का? जोरात!"

"रड रे," इम्पी म्हणत होती. "रड ना रे सोन्या, रड!"

आणि ते रडलं. सुईएवढा आवाज, पण दारातल्या कालेर्वोलाही ऐकू गेला. आर्मसने एवढ्या जोरात टाळी वाजवली की मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. इम्पीने पिल्लू निसूच्या आचळाला लावलं, ते चुकचुक प्यायला लागलं, आणि मग मात्र ही बाई हमसून हमसून रडली. "साइमा, मला कळलं गं या वेळी," म्हणाली. "उशिरा कळलं, पण कळलं." मी तिला मिठी मारली. आमच्यात कुणी उगाच मिठ्या मारत नाही, पण मारली.

पाचवं आपोआप आलं, काही त्रास न देता. त्या शनिवारी आमच्यापैकी कुणी अंघोळ केली नाही. घामट, मळकट असे आम्ही चौघं इम्पीच्या स्वयंपाकघरात पोटभर जेवलो, आणि आर्मसने तीनदा वाढून घेतलं. मग इम्पी उशी घेऊन सौनात झोपायला गेली.

सकाळी चर्चला निघताना मी तिला हाक मारायला गेले. ती खालच्या फळीवर बसली होती. निसू समोर उभी, बाहेर जायचं होतं तिला. तिने आधी एका पिल्लाची मानगूट तोंडात धरली, फळीवर चढली आणि ते इम्पीच्या मांडीवर आणून ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. पाचही आणून ठेवली, एकदा इम्पीच्या तोंडाकडे बघितलं आणि खुशाल शेपटी वर करून बर्फात निघून गेली.

"मी काही चर्चला येत नाही," इम्पी म्हणाली. ती श्वाससुद्धा जपून घेत होती, आणि तोंडभर हसत होती. "तू जा. मला उठता येत नाही."