दाराला कुलूप नव्हतं

निवृत्त झाल्यावर बंदोबस्त विसरलो, वरिष्ठांची बोलणी विसरलो, पण एक घटना काही केल्या पाठ सोडत नाही. यातल्या कुणाचंही नाव मी सांगणार नाही. ती मुलगी आता मोठी झाली आहे आणि तिने सुखात राहावं एवढीच इच्छा आहे.

दसरा होऊन गेला होता. टेंभी नाक्याच्या नवरात्राचा बंदोबस्त उरकून आमचं पोलीस ठाणं जरा कुठे श्वास घेत होतं. शनिवारी दुपारी बाळकुमच्या एका मोठ्या संकुलात राहणारं जोडपं आलं. गृहस्थ कंपनीत वरच्या हुद्द्यावर, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं तोलूनमापून. बाई त्यांच्या मागे उभ्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी सकाळी गणिताच्या क्लासला गेली होती, ती घरी परतली नव्हती. फोन बंद होता.

अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की आम्ही नुसती बेपत्ता अशी नोंद करून थांबत नाही, अपहरणाचा गुन्हा दाखल करतो. ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेत असताना मी नेहमीचे प्रश्न विचारले. घरी काही भांडण? रुसवाफुगवा? गृहस्थांना ते प्रश्नच अपमानाचे वाटले.

"साहेब, आमच्या घरात शिस्त आहे," ते म्हणाले. "ती कुठेही गेली की तिथल्या दाराचा फोटो काढून 'पोहोचले' असा मेसेज करते. हातात फोन दिला तेव्हापासूनचा नियम आहे, एकदाही चुकलेली नाही. लोकेशनमध्ये हल्लीची मुलं फसवाफसवी करतात. फोटो खोटं बोलत नाही."

त्यांनी त्या सकाळचा फोटो दाखवला. क्लासचं दार, दारावरची पाटी, वर झेंडूचं तोरण. खाली एकच शब्द, पोहोचले.

क्लास टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत होता. शिकवणारे सर एकटे राहणारे, पन्नाशीचे. ते म्हणाले, मुलगी आज आलीच नाही. आता मुलगी दारापर्यंत आली आणि आत आली नाही, हे कोण मानणार? तिच्या फोनचं शेवटचं टॉवर लोकेशनही त्याच भागातलं निघालं. सरांना ठाण्यात आणून बसवलं. बाहेर पालक जमले, कुणीतरी सरांचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला, दोघे-तिघे तर बाह्या सरसावूनच आले होते. सर घामाने निथळत होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते. पोलिसाला अशा माणसाचा संशय अधिकच येतो, हे खरं आहे.

आम्ही इमारत तपासली. गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण उघडताना हवालदाराने माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. अशा झाकणांखाली काय निघतं, ते आम्ही दोघांनीही नोकरीत पाहिलं होतं. टाकीत पाणीच होतं.

खाली उतरताना क्लासच्या दाराशी थांबलो आणि वर पाहिलं. तोरणातले झेंडू सुकून तपकिरी पडले होते, आंब्याची पानं वळून गोळा झाली होती. फोटोतलं तोरण टवटवीत होतं. फोटो त्या सकाळचा नव्हताच, दसऱ्याच्या सुमाराचा होता. मुलीने जुना फोटो जपून ठेवला होता आणि वेळ येताच पाठवला होता. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत. दुपारपासूनचे सगळे तास फुकट गेले होते आणि ती कुठे असेल याचा आम्हाला मागमूस नव्हता. सरांना मी हात जोडले आणि हवालदारासोबत मागच्या दाराने घरी पोहोचवलं.

वडिलांना सांगितलं तर ते ऐकेनात. त्यांची मुलगी खोटं बोलूच शकत नव्हती. तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या.

"बोलते ती," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा बोलते."

गृहस्थ खुर्चीत बसले ते बसलेच.

एवढ्यात ठाण्यात फोन आला. मुलीच्या मैत्रिणीची आई बोलत होती. हे कुटुंब मूळचं बाळकुमचं, आधीच्या पिढ्या मिठागरावर राबलेल्या, आता त्यांच्याच जमिनीवर इमारत उभी राहिली आहे. बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, माझी पोर सकालपासून जेवली नाय. तिला कायतरी ठावं हाय. पन वर्दी घालून येऊ नका, पोर घाबरंल."

लहान मुलांशी बोलताना पोलिसाने साध्या वेशात जावं असा नियम आहे. पण त्याची आठवण आम्हाला एका गृहिणीने करून द्यावी, याचं मला कौतुक वाटलं. महिला उपनिरीक्षकांना घेऊन साध्या कपड्यांत गेलो. मैत्रीण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी एक-दोन प्रश्न विचारले, ती फरशीकडे बघत राहिली. मग आई तिच्या शेजारी खाली बसली.

"बाय, तू कायपन केलं असशील, मी तुला मारनार नाय," ती म्हणाली. "पन आता गप बसलीस तं आपल्या दोघींना जलमभर झोप लागनार नाय."

मैत्रीण हमसून हमसून रडली आणि तिने आपला फोन आमच्या हातात दिला. माझ्या उभ्या नोकरीत मी अनेकांना बोलतं केलं, पण इतक्या लवकर कुणालाच नाही.

हकिकत अशी होती. वडील रोज संध्याकाळी मुलीचा फोन तपासत. म्हणून ती या मैत्रिणीच्या फोनवरून, ऑनलाइन ओळख झालेल्या एका 'ताई'शी चॅटवर बोलायची. ताई डोंबिवलीची, कॉलेजात शिकणारी, फार मायाळू. मुलीने तिला सगळं सांगितलं होतं. चाचणीत गणितात फार कमी मार्क पडले, पेपरवर वडिलांची सही हवी होती, ती हिनेच ठोकून दिली. त्या पेपरचा फोटोही तिने ताईला पाठवला होता. मग ताईचा सूर बदलला. शेवटचा मेसेज मी वाचला. 'तुझ्या पप्पांचा नंबर माझ्याकडे आहे. शनिवारी माझा दादा डोंबिवली स्टेशनबाहेर भेटेल. आली नाहीस तर पेपरचा फोटो त्यांना जाईल.'

अशी ताई कुठेच नसते हे कळायला पोलीस असावं लागत नाही.

सायबरच्या पथकाने त्या नंबरचं लोकेशन काढलं, ते डोंबिवली पूर्वेतल्या एका वस्तीत होतं. तिथल्या पोलिसांना कळवून आम्ही निघालो. शिळफाट्याला गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, सायरनला कोण विचारतो. शेजारी महिला उपनिरीक्षक सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. त्यांनाही त्याच वयाची मुलगी आहे. मी देवाचं फारसं करणारा माणूस नाही, पण त्या वेळी मनातल्या मनात हात जोडून बसलो होतो.

दिवेलागणीला इमारत सापडली. तो माणूस खाली गेला होता, वडापावचं पुडकं घेऊन येताना जिन्यातच आमच्या शिपायांच्या हाती लागला. ताईही तोच आणि दादाही तोच, चाळिशीचा. आम्ही धावत वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याला कुलूप नव्हतं, बाहेरून कडीही नव्हती. आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मुलगी बसली होती, दप्तर मांडीवर, पाठ ताठ, शाळेत बसावी तशी. तिचा फोन समोरच्या टेबलावर पडला होता.

तिला काही इजा झालेली नव्हती. वैद्यकीय तपासणीतही ते स्पष्ट झालं. आम्ही वेळेवर पोहोचलो, एवढंच. त्या पुडक्यातला वडापाव संपल्यावर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

महिला उपनिरीक्षकांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "अगं, दार उघडं होतं ना? निघून का नाही गेलीस?"

"त्यांनी बसून राहा सांगितलेलं," ती म्हणाली.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, पाणी मागितलं नाही. विचारलं, "काका, पप्पांना सांगायलाच लागेल का?"

टेंभी नाक्यावरूनच तो फोटो पाठवून तिने फोन बंद केला होता आणि गाडी पकडली होती. डोंबिवली स्टेशनवर उतरल्यावर तिला ड्युटीवरचे पोलीस दिसले होते, असं तिने नंतर सांगितलं. त्यांच्या अगदी जवळून ती गेली होती. बोलली नाही, कारण पोलिसांनी आधी पप्पांनाच फोन केला असता.

त्या माणसाची चौकशी मीच केली. आवाज चढवायची गरजच पडली नाही, गडी सुतासारखा सरळ बोलत होता. त्याच्या फोनमध्ये आणखीही मुली होत्या. इतक्या मुलींतून नेमकी कुणाला धमकी द्यायची हे तुला कसं कळतं, असं मी विचारलं.

"सोपं असतं साहेब," तो म्हणाला. "पहिल्यांदा विचारायचं, घरी ओरडतात का? जी बोलते की मी मम्मीला सांगेन, तिला आपण लगेच ब्लॉक करतो. जी बोलते की प्लीज घरी सांगू नका, ती आपली."

एवढी वर्षं चोर, दरोडेखोर, खुनी पाहिले. पण त्या वाक्यासारखी भीती मला दुसऱ्या कशाची वाटली नाही. त्याने कडी लावली नव्हती, कारण कडी आधीच लागलेली होती, आणि ती लावणारा माणूस मुलीवर जीव टाकणारा होता. वडील वाईट नव्हते, हे मी कुठेही सांगेन. मुलीला पाहताच ठाण्याच्या व्हरांड्यात ते खालीच बसले, आणि ती मात्र सवयीने म्हणाली, "पप्पा, पोहोचले." ते ऐकून आमचा हवालदार तोंड फिरवून बाहेर गेला.

धाकावर आम्ही पोलिसांनी जन्म काढला, म्हणून सांगतो. धाकाने आरोपी बोलतो, पण मूल गप्प होतं. घाबरणारं मूल ऐकतं, हे खरंच आहे. पण ते कुणाचंही ऐकतं, हे आईबापांच्या लक्षात येत नाही. आणि लाड म्हणजेही माया नव्हे. त्या बाळकुमच्या बाईने मुलीचे लाड केले नाहीत, तिला खरं बोलायला लावलं. फक्त खरं बोलल्यावर काय होणार नाही, ते आधी सांगितलं.

खटला चालला, त्या माणसाला शिक्षा झाली. त्याआधीच, त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेचा निकाल लागल्यावर, गृहस्थ एकदा ठाण्यात आले, हातात मिठाईचा डबा. मी उठून अभिनंदन केलं. म्हटलं, चांगले मार्क पडलेले दिसतायत.

"नाही साहेब, गणितात गेली," ते म्हणाले. त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. "पण पेपर घेऊन माझ्याकडे आली. स्वतःहून आली."

मुलगी नापास झाल्याचे पेढे मी आयुष्यात एकदाच खाल्ले.