फौजदार मावशीची सही

पाळणाघर चालवणारी बाई कुणीही असो, मुलांची ती मावशीच होते. या मावशीला मात्र मुलांच्या आईबापांनी आपसात आणखी एक पदवी बहाल केली होती: फौजदार मावशी. संध्याकाळी न्यायला आईऐवजी आत्या आली, की मावशी दाराची साखळी न काढता फटीतून विचारायची, "कोण तुम्ही? वहिनीला फोन लावा. माझ्यासमोर लावा." एकदा एक बाप दाढी काढून आला म्हणून तिने त्याला दहा मिनिटं पायरीवर उभं केलं. तो बिचारा पोराला हाका मारून ओळख पटवत होता आणि आत पोराने दाढीवाल्या बाबासाठी भोकाड पसरलं होतं.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर खेळणारी, आत झोपणारी, आणि मधल्या दारात मावशीची खुर्ची. तीस वर्षांत एकाही मुलाला साधी खोक पडलेली नाही, हे ती आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी सांगायची. खोटं नव्हतं ते.

पण हल्ली बालसंगोपन कार्यालयाकडून दर महिन्याला परिपत्रक यायचं. आरोग्य, अनुदान, प्रशिक्षण. ताप आणि पुरळ यांची वही ठेवा. नव्या गाद्यांसाठी अनुदान मिळेल. आणि एक दिवसाचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. खाली बारीक अक्षरांत, पूर्वसूचना न देता पाहणी होऊ शकते. मावशी चष्मा लावून ते तीनतीनदा वाचायची.

"फुकट गाद्या?" ती सुनेला म्हणाली. "कोण कुणाला फुकट देतं गं? आज गाद्या देतील, उद्या खोल्या मोजतील, परवा म्हणतील, कुलूप लावा."

प्रशिक्षणाचं नाव काढलं की तिचा पारा चढायचा. काल आलेल्या पोरी तिला बाळ झोपवायला शिकवणार! ती गेलीच नाही. पण परवाना तर हवा होता. मग तिने सुनेला पाठवलं, आणि सुनेने तिथल्या गर्दीत हजेरीपटावर सासूच्या नावाने सही ठोकली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी येऊन सून चाचरत म्हणाली, "आई, एक सांगू? तान्ह्यांना पालथं झोपवायचं नाही म्हणतात. पाठीवरच झोपवायचं. श्वास कोंडू शकतो."

"तुझा नवरा पालथा झोपूनच एवढा घोडा झालाय."

विषय संपला. वर मावशीला असंही वाटलं, की पोरीचा डोळा आपल्या खुर्चीवर आहे.

पुढच्याच आठवड्यात एक बाई आली. सकाळचे अकरा, खांद्यावर चार महिन्यांची मुलगी, हातात छत्री. पाळणाघर बघायचंय म्हणाली. एरवी आया विचारतात, वेळ काय, घेणार किती. हिने खेळण्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"एका बाईमागे तान्ही किती असतात?"

"दोघी आहोत, तीन तान्ही आहेत."

"झोपल्यावर त्यांच्याकडे कोण बघतं? आणि कशी झोपवता?"

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. बाळ खांद्यावर आहे, पण प्रश्न पाहणीवाल्यांचे! कार्यालयाचीच असणार. सहीची भानगड उघडी पडली असणार. तिने सुनेकडे डोळे वटारून पाहिलं. सून समजली, आत गेली आणि झोपलेल्या तिन्ही बाळांना हलकेच पाठीवर केलं.

"पाठीवरच झोपवतो," मावशी शब्दाशब्दांत साखर पेरत म्हणाली. "बघा ना आत येऊन. नियम म्हणजे नियम."

"प्रशिक्षण तुम्ही स्वतः घेतलंत?"

"सही आहे माझी तिथे."

बाई बराच वेळ आतल्या दारात उभी राहिली. मग कळवते म्हणाली आणि गेली. मावशीने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात आतलं धाकटं बाळ कुरकुरायला लागलं. "पाठीवर झोप लागते का कधी!" म्हणत मावशीने ते उलटं केलं, त्याच्यामागे बाकीची दोन्हीही. सवयीचे हात ते, क्षणाचं काम.

बेल वाजली. बाई छत्री विसरली होती. सुनेने दार उघडलं, आणि बाईची नजर सरळ आत गेली.

छत्री राहिली बाजूला. तिने आपली मुलगी सुनेच्या हातात दिली, आतल्या खोलीत गेली, गुडघे टेकले आणि एकेक बाळ पाठीवर केलं. प्रत्येकाच्या नाकाखाली बोट धरून थांबली.

मावशीला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. "लिहा बाई, काय लिहायचं ते लिहा."

"काय लिहू?"

"अहवाल. कार्यालयाच्याच ना तुम्ही?"

"मी बँकेत काम करते," बाई म्हणाली. "ही माझी दुसरी. पहिली अशाच एका पाळणाघरात दुपारी झोपली, ती उठलीच नाही. पालथी होती. त्या मावशीपण मला सांगायच्या, पंचवीस वर्षांत साधी खोक नाही म्हणून."

तिने मुलगी घेतली आणि निघून गेली. छत्री पुन्हा राहिली.

सुनेने छत्री उचलून दारामागे टांगली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या दिवशी मावशी खुर्चीवर बसलीच नाही. बाळांजवळ जमिनीवर बसली आणि पाठीवर झोपायला कंटाळणाऱ्या धाकट्याला थोपटत राहिली. तीस वर्षांतली किती तान्ही ती आठवत होती, आणि तिला भीती वाटत होती, होऊन गेलेल्या दुपारांची भीती. जगातल्या प्रत्येकावर तिने संशय घेतला होता. स्वतःच्या हातांवर तेवढा कधी घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सून मुलांपाशी थांबली आणि मावशी कार्यालयात गेली. टेबलामागच्या मुलीने हजेरीपट काढला. "तुमचं झालंय की प्रशिक्षण. ही तुमची सही."

"ती माझी नाही. सुनेकडून करवून घेतली मी."

मुलगी दचकली. "मावशी, हे मला वर कळवावं लागेल. परवाना जाऊ शकतो."

"कळवा. पण आधी शिकवा."

आत वर्ग चालूच होता. मावशी मागच्या बाकावर बसली. तिची पाळी आली तेव्हा शिकवणाऱ्या मुलीने तिच्या हातात रबरी बाहुली दिली आणि झोपवून दाखवायला सांगितलं. तिने बाहुली पाठीवर ठेवली, मान सरळ केली, उशी काढून टाकली. मग तिचं बोट आपोआप बाहुलीच्या नाकाखाली गेलं आणि तिथेच थांबलं.

"झालं मावशी, बरोबर आहे," शिकवणारी म्हणाली. "द्या आता पुढे."

मावशीने बोट काढलं नाही.