दार लावा म्हणणारा प्रभू

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आम्ही चिकलठाण्यात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाप कंपनीत लागला म्हणून गावाकडची मेंढरं विकून आलेलो, आणि इथं आल्यावर मायबापानं येशूला धरलेलं. दर रविवारी दुपारी आमच्याच घरी प्रार्थना. म्हातारे पास्टर आजारी पडले आणि त्यांच्या जागी बाहेरचे एक ब्रदर यायला लागले. त्यांच्यात पवित्र आत्मा उतरतो, असं सगळे म्हणायचे. डोळे फिरायचे, अंग थरथरायचं आणि मग सुरू, 'प्रभू म्हणतो...' पोरगी कुठं द्यायची, नोकरी बदलायची का, सगळं लोक त्यांनाच विचारायचे. मला तर लई भारी वाटायचं. साक्षात प्रभू आमच्या पत्र्याखाली येऊन बोलतो, अजून काय पाहिजे माणसाला!

एका रविवारी प्रार्थना चालू असतानाच शेजारीण दारात आली. सोबत तिची बहीण आणि बहिणीची लेकरं. त्यांच्या गावात दलितांची वस्ती जाळली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आली होती बिचारी. शेजारणीचा घरमालक त्यांना ठेवू देईना. "दोन दिवस ठिवून घ्या," एवढंच ती म्हणाली.

सगळे बापाकडं बघायला लागले. बापाचं तोंड एवढंसं झालं. आमचाही घरमालक तसलाच, उद्या आमचंच बोचकं रस्त्यावर फेकलं तर? तेवढ्यात ब्रदर थरथरायला लागले.

"प्रभू म्हणतो, दार लावा! हे जगाचं भांडण आहे. माझ्या लेकरांनी यात पडू नये!"

"आमेन," बाप म्हणाला. इतक्या झटक्यात आमेन म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

माय उठली.

"थांबा ब्रदर. गावाकडं माझ्याबी अंगात यायचं. लोक पाया पडायचे माझ्या. पन खरं सांगते, पाटलाच्या मनात जे आसायचं, तेच माझ्या तोंडून निघायचं. देवाला बोल लावत नाय मी, भ्या माझं होतं. आत्ता इथं समदे भ्यालेत. आन् प्रभूबी नेमका तेच बोलला व्हय?"

ब्रदरांची थरथर थांबली. "बाई, आत्म्याचा अपमान करू नका."

"लेकरं उन्हात उभी हायेत," माय म्हणाली आणि सगळ्यात धाकटीचा हात धरून तिनं तिला आत घेतलं.

मंडळी एकेक करून उठली. ब्रदरही गेले, ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. बाप संध्याकाळपर्यंत धुमसत होता. माय भाकरी थापत होती, लेकरं तव्याकडं बघत बसलेली. मला तिचा अभिमानही वाटत होता आणि रागही येत होता, खोटं कशाला बोलू. शेवटी बापाला राहवेना.

"आन् खरंच प्रभू बोलला आसंल तर? खोली गेली तर कुठं जायचं आपुन?"

"जाईल बी खोली. मला काय भ्या वाटत नाय व्हय?" मायनं भाकरी उलटली. "पन त्यो प्रभू नव्हता. त्याचं नाव घेतल्यापासून त्यानं मला एकबी गोष्ट सोपी सांगितली नाय."