राबातून वाचवलेलं शेण

तुमच्या गोठ्यातलं शेण यंदा कुठे जाणार, राबात जळायला की वालाच्या शेतात? हा प्रश्न सुमनआत्याचा. महिन्यापूर्वी ती गेली, म्हणून आता तो मी विचारते आहे. नेरळला कामावर असताना बाबांचा फोन आला. "आत्या गेली गं..." म्हणाले, आणि मग, "वाल काढून झाला नि गेली. अर्धवट काय ठेवलं नाय."

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. खालापूरजवळच्या आमच्या गावात वाट्याला आलेलं शेत स्वतः कसलं. भात कापलं की त्याच जमिनीत वाल. मातीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावरच ते पीक उभं राहतं. एका हिवाळ्यात आत्याने भाताचा उरलेला युरिया वालावर फेकला. पाला गुडघाभर हिरवागार, शेंग नावाला नाही. बायका बांधावरून ओरडायच्या, "सुमे, बकऱ्या कधी आणतेस गं?" आत्या तडक तालुक्याला गेली आणि कृषी सहायकाला शेतावरच घेऊन आली. त्याने एक झाड उपटून मुळांवरच्या गाठी दाखवल्या. हवेतलं नत्र वाल या गाठींतून स्वतःच मिळवतो. त्याला कमी पडतं ते स्फुरद, आणि ओल धरून ठेवणारं शेणखत. स्फुरद सुपर फॉस्फेटच्या गोणीत मिळालं. शेणखत कुठून आणायचं? आमच्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी ती जागा पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात. तो राब. वर्षभराचं शेण तिथे धूर होऊन जातं, आणि याला आपण शेती म्हणतो!

बाबांशी तिचं कडाक्याचं भांडण झालं.

"नीट भाजला नाय तर राबात तण माजंल, ताई."

"तण मी उपटीन. शेण मला दे."

"आन् तणानं रोपं खुरटून बसली तर?"

"तर माझं भात तू खा. मी वाल खाईन."

त्या वर्षी राब नुसत्या पाल्यावर भाजला. शेण घरामागच्या खड्ड्यात गेलं; शेणाचा थर, वर मूठमूठ सुपर फॉस्फेट, वर माती. पावसात आत्या कंबर मोडेपर्यंत तण काढत होती. पुढच्या हिवाळ्यात ते कुजलेलं खत वालाला मिळालं आणि शेंगांनी झाडं वाकली, तेव्हा बांधावर जमलेल्या बायकांना तिने हसत हाक मारली, "या गं बकऱ्यांनो, शेंगा तोडायला!"

शेण जाळण्याविरुद्ध मी एकदा जळजळीत पत्रक लिहून तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "झकास लिवलंस. पण पत्रकानं शेंग भरत नाय गं. शेणाची पाटी उचल." मी पाटी उचलली... आणि पत्रकंही वाटली.

गेल्या आठवड्यात आमच्या राबाची तयारी सुरू झाली. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन बाबा अंगणात उभे होते. आता त्यांना अडवायला कोणी नव्हतं. मी दारातून बघत होते. ते वळले ते घरामागे. खड्ड्याच्या कडेला आत्याचं फावडं तसंच रोवलेलं होतं. पाटी रिकामी करून बाबा म्हणाले, "बघतेस काय? माती ओढ. नायतर वरून शिव्या घालील ती."

तुमचा राब अजून पेटला नसेल, तर एवढं करा. पाला भाजा, पण शेण बाजूला काढा. घरामागे एक खड्डा खणा आणि पहिली पाटी आजच त्यात टाका.