नऊ नंबरला घातलेली शपथ

माझ्या धाकट्या दिराच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या मॅचचा पहिला हाफ मी एकटीने वाया घालवला, आणि तोही मैदानाबाहेर बसून, शेंगदाणे खात. फुटबॉलमधलं मला तेव्हा एवढंच कळायचं की चेंडूला हात लावायचा नाही. पण कळत नाही म्हणून गप्प बसेन तर ती मी कसली!

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. सासऱ्यांची गिरणी बंद पडलेली, गोरेगावच्या आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं आणि पगार एकट्या ह्यांचा. भाऊजी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. म्हणजे घरी कमी, मैदानावर जास्त. अशात कळलं की एका कंपनीचे साहेब रविवारची मॅच बघायला येणार आहेत. त्यांच्या टीमला खेळाडू हवा होता. पसंत पडला तर कायमची नोकरी. सासूबाईंनी लगेच देवापुढे नारळ ठेवला. मी मात्र देवावर सोडून देणाऱ्यांतली नव्हते.

भाऊजींच्या दोन मॅच मी पाहिल्या होत्या आणि माझं मत पक्कं झालं होतं, माणूस भित्रा आहे. पाठीवर नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा, हे मला कुणीतरी सांगितलं होतं. आणि हे महाशय गोलाकडे पाठ करून मैदानाच्या मध्यापर्यंत परत यायचे, चेंडू पायात घ्यायचे आणि दुसऱ्याला देऊन टाकायचे. तो दुसरा गोल मारायचा, त्याला सगळे खांद्यावर घ्यायचे. भाऊजींना कुणी विचारायचं नाही. पंगत बसलीय आणि नवरदेव वाढप्यांत फिरतोय, असलं ते दृश्य.

शनिवारी जेवायला वाढताना मी विषय काढलाच.

"भाऊजी, तुम्ही पुढे का नाही थांबत?"

"माझी जागाच ती आहे, वहिनी. मी मागे राहून खेळणारा स्ट्रायकर."

"मागे राहून कुणाला नोकरी मिळालीय? साहेब बघणार कुणाला, गोल मारणाऱ्यालाच ना?"

"तुला नाही कळणार गं."

झालं. माझं डोकं फिरलं. "तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे," मी म्हटलं, "उद्या गोलासमोरून हलायचं नाही!"

भाऊजींचा घास हातातच राहिला. आमच्या घरात शपथ म्हणजे शपथ. मोडली, तर जिच्या गळ्याची तिच्या जिवावर बेतणार. आणि जिने घातली तिनेच 'सुटली' म्हटल्याशिवाय सुटायची नाही. बी.कॉम. झालेला माणूस असलं मानतो? मानतो. वहिनीच्या हातचं जेवत होता ना.

रविवारी साहेब खुर्चीवर, मी आणि सासूबाई दगडावर, आणि भाऊजी गोलासमोर. महादेवापुढच्या नंदीसारखे. त्यांच्यावर पाळत ठेवायला समोरच्या टीमने एक आडदांड स्टॉपर ठेवला होता. तो सुखाने कमरेवर हात ठेवून शेजारी उभा राहिला. दोघं बसस्टॉपवर भेटल्यासारखे. चेंडू त्यांच्याकडे फिरकेचना. आमच्यावर एक गोल चढला. साहेबांनी घड्याळ बघितलं, तेव्हा माझ्या तोंडातला शेंगदाणा कडू लागला.

टीमला शिकवायला सांताक्रूझहून एक ख्रिस्ती अंकल यायचे. हाफटाइमला ते भाऊजींवर ओरडले. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. अंकल तरातरा माझ्यापाशी आले.

"बाय, काय सांगितलंस तू त्याला?"

मी सांगितलं. खोटं कशाला बोलू, जरा अभिमानानेच सांगितलं.

अंकलनी कपाळावर हात मारला. "वाट लावलीस गं! अगं, तो मागे येतो ना, तेव्हा तो रेडा त्याच्या मागे मागे येतो. गोलासमोर जागा खाली होते. तिथे आपला दुसरा घुसतो. हा मागे येतो म्हणून तर गोल होतो! तू त्याचा खांब केलास, खांब!"

मला लख्ख कळलं. हा खेळ तर मी घरी खेळत होते! ह्यांना मला सिनेमाला न्यायचं असलं की मी सासूबाईंना "आमटीत मीठ बघता का?" म्हणून आतल्या खोलीत ओढायची. तेवढ्यात हे माझी चांगली साडी पिशवीत घालून जिना उतरायचे. मग मी भाजी आणायला निघायची. सासूबाई स्टॉपर, मी नऊ नंबर. आणि भित्रे कोण, तर भाऊजी!

तोवर शिट्टी होऊन खेळ सुरू झाला होता. मी काठावरून ओरडले, "सुटली!" ऐकू जाईल तर शप्पथ. मग मी पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि सरळ मैदानात शिरले.

"भाऊजी, सुटली! शपथ सुटली! जा मागे!"

सगळं मैदान हसायला लागलं. रेफ्रीने पिवळं कार्ड काढलं, मग मी कुठल्या टीमची ते न कळून परत खिशात ठेवलं. "बाई, बाहेर व्हा!" म्हणाला. सासूबाई दुसरीकडे बघत होत्या, मी त्यांची कुणीच नसल्यासारख्या.

भाऊजी मागे आले. रेडा मागे मागे आला. जागा उघडी पडली आणि आमचा राइट विंगर तिथे घुसला. एकदा नाही, दोनदा. आम्ही जिंकलो, विंगरला खांद्यावर घेतलं. भाऊजींच्या नावावर गोल शून्य. साहेब उठले तेव्हा मी मनातल्या मनात नारळाची माफी मागत होते. साहेबांनी विंगरच्या पाठीवर थाप दिली आणि पुढे होऊन भाऊजींना विचारलं, "पहिल्या हाफला काय झालं होतं?"

"पाय आखडला होता, सर," भाऊजी म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. भाऊजींनी ते देवापुढे ठेवलं, सासूबाईंच्या पाया पडले, मग माझ्या. मी डोळे पुसत काहीतरी थोर आशीर्वाद जुळवत होते, तेवढ्यात ते वाकलेलेच म्हणाले, "वहिनी, रविवारी कंपनीकडून पहिली मॅच आहे. तुला माझ्या गळ्याची शपथ, घरातून हलायचं नाही."