संत्र्याच्या झाडाखालचं वाचन
संत्रं सोललं की ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावातलं ते अंगण आठवतं. लॉकडाऊनमध्ये आमच्या युनिव्हर्सिटीतल्या स्पॅनिश प्राध्यापिकेची आई स्पेनमध्ये वारली आणि विमानं बंद होती. या बाई प्राध्यापिका होण्याआधी पत्रकार, मग खासदार होत्या. त्यांनी मला अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली अंतर ठेवून बसवलं आणि आईवर लिहिलेला लेख स्पॅनिशमध्ये वाचून दाखवला. ऊन गवतावरून सावकाश सरकत होतं, त्यांचा आवाज मधमाश्यांच्या गुणगुणण्यात मिसळत होता. “मला एक शब्दही कळला नाही,” मी ओशाळून म्हणाले. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “म्हणूनच तुला बोलावलं. ज्यांना कळतं त्यांच्यापुढे वाचलं, की त्याचं भाषण होतं.” परवा बाबांचं दहावं-तेरावं आटोपून पुण्याहून परतले, तेव्हा संत्री घेऊन शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजींकडे गेले आणि कितीतरी वेळ मराठीत बोलत राहिले.